मस्क यांच्या मोबदल्याचा खटला: अडलं कुठे?

टेस्लाच्या भागधारकांनी २०१८ मध्ये मंजूर केलेला कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांचा मोबदला अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या चॅन्सरी कोर्टाने (कंपन्यांचे वाद ऐकणारं न्यायालय) जानेवारी २०२४ मध्ये रद्द केला. ‘मालकांनीच मत दिलं, मग कोर्ट मध्ये का पडतं?’ असं अनेकांनी विचारलं. पण खोट मतदारांना दिलेल्या माहितीत होती. मोबदला ठरवणारे संचालक स्वतंत्र असल्याचं त्यात लिहिलं होतं. मस्क यांच्याशी असलेली त्यांची जवळीक नीट सांगितली नव्हती. म्हणून व्यवहार न्याय्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी प्रतिवादींवर, म्हणजे मस्क आणि संचालकांवर आली. तिथेच ते हरले.

डिसेंबर २०२५ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने मोबदला बहाल केला: सगळंच रद्द केलं, तर सहा वर्षांच्या कामाचे पैसेच मिळत नाहीत. खटला भरणाऱ्या भागधारकाच्या बाजूला नुकसानभरपाई नाममात्र, १ डॉलर. उपाय मला पटतो. माहिती दडवणं मात्र अजूनही खटकतं.