आप्पांचा डावा हात

मंगळवार, रात्र

ठिपक्याची तक्रार उन्हाळ्यापासून मागे लागली आहे. सर्किट काढायचं हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत, त्यातल्या स्किमॅटिकच्या, म्हणजे सर्किटच्या रेखाटनाच्या, भागाचा कोड मी फावल्या वेळात सांभाळतो. तक्रार एवढीच: काहीतरी हलवलं, कंट्रोल-झेड दाबलं, सगळं जागच्या जागी परत आलं, फक्त दोन वायर जुळतात तिथला जंक्शनचा ठिपका आला नाही. दुसऱ्या कुणाकडे असं होत नाही. माझ्या लॅपटॉपवरही नाही. एरवी अशी तक्रार थंड्या बस्त्यात जाते. पण ही धुळ्याजवळच्या अवधानच्या एमआयडीसीतल्या आप्पांची आहे, आणि आप्पा उगाच बोलणाऱ्यांतले नाहीत.

ठिपका शोभेचा नसतो. दोन वायर एकमेकींवरून गेल्या आणि मध्ये ठिपका नसला, तर सॉफ्टवेअरच्या लेखी त्या जोडलेल्याच नाहीत. आप्पा विहिरीवरच्या मोटरींसाठी ऑटो स्टार्टरचे बोर्ड काढतात. शेतीची थ्री फेज लाइन आमच्याकडे कधी दिवसा, कधी रात्री. मध्यरात्री आली तरी कपाशीला पाणी सुरू व्हावं, म्हणून हा स्टार्टर. तीनपैकी एक फेज गेला तर मोटर ताबडतोब बंद करणं हेही त्याचंच काम. नाही केलं तर मोटर उरलेल्या फेजांवर जादा करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. दर फेजला एक ऑप्टोकप्लर (फेज आहे की नाही ते थेट तारेने नाही, प्रकाशाने पुढे कळवणारा भाग), तिघांचं ग्राउंड एक. आप्पांचा ठिपका नेमका त्या ग्राउंडवरून जायचा. बरं, ईआरसी, म्हणजे जोडणीतल्या चुका शोधणारी सॉफ्टवेअरची तपासणी, चालवली तरी ती गप्प. तिला एकही पिन मोकळी दिसत नाही, मग ती कशाला ओरडेल?

गुरुवार

दुपारी कारखान्यात जाऊन आप्पांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. आधी त्यांनी मला समजेल अशा बेताने सावकाश करून दाखवलं. ठिपका शाबूत. पुन्हा केलं, तरी शाबूत. आप्पा वैतागले: “तुम्हीन ऱ्हातस तवय व्हतच नही!”

मग मीच म्हटलं, दाखवू नका, तुमचं काम करा. चहा आला, गप्पा सुरू झाल्या, आप्पा मला विसरले. तोवर माझं लक्ष स्क्रीनवर होतं, ते मी कीबोर्डवर आणलं. रेझिस्टर हलवताना उजव्या हातात माउस. रेझिस्टर नव्या जागी पोचतो न पोचतो तोच डाव्या हाताची तर्जनी ‘डब्ल्यू’वर, म्हणजे नवी वायर सुरू. जागा पक्की करायला आम्ही सगळे क्लिक करतो. आप्पा ते करतच नाहीत. पुढचं अवजार उचललं की मागचं आपोआप खाली ठेवलं जातं, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. मग मनासारखं जमलं नाही की कंट्रोल-झेड.

“आप्पा, थांबा!”

“काय व्हयनं?”

ठिपका गेला होता. विचारलं तर म्हणाले, मी काहीच वेगळं करत नाही, रोज असंच करतो.

शनिवार

क्लिक न करता ‘डब्ल्यू’, मग कंट्रोल-झेड. एवढं हाती आल्यावर छोटी चाचणी लिहून गिट बायसेक्टच्या, म्हणजे कोड कुठल्या बदलाने बिघडला ते शोधणाऱ्या अवजाराच्या, हवाली केली. हजारभर कमिटांतून, म्हणजे कोडच्या नोंदवलेल्या बदलांतून, एक दोषी कमिट काढायला दहाएक चाचण्या पुरतात, कारण दर वेळी निम्मे बाद होतात. महिनोन्महिने जे अडलं होतं, ते जेवायच्या आत सापडलं. मला या सगळ्यात बायसेक्टचं कौतुक कमी आणि त्या स्टुलाचं जास्त आहे.

घोळ असा. वायर हलवून झाली की सॉफ्टवेअर मागून झाडलोट करतं: एका रेषेतले तुकडे जोडून एक वायर करतं, गरज न उरलेले ठिपके पुसतं. अनडूसाठी, म्हणजे कंट्रोल-झेडसाठी, या झाडलोटीची नोंद हलवण्याच्याच पायरीत व्हायला हवी. क्लिकच्या वाटेने ती तशी होते. अवजार बदललं की मात्र पायरी आधी मिटते आणि झाडलोट नंतर होते, म्हणजे वहीबाहेर. कंट्रोल-झेडने रेझिस्टर आणि त्याची वायर परत येतात. पुसलेला ठिपका परत कोण आणणार, त्याची नोंदच नाही. कुणीतरी अवजार बदलणं झटपट व्हावं म्हणून दोन ओळींचा क्रम उलटा केला होता. हेतू चांगला, आणि खरं सांगायचं तर वाचताना मलाही त्यात काही खटकलं नसतं.

ओळी जागेवर आणल्या. नव्या चाचणीत आता ठिपके मोजत बसायचं नाही: हलवण्याआधीची नेटलिस्ट (कोणती पिन कशाला जोडली आहे त्याची यादी) आणि अनडूनंतरची नेटलिस्ट जुळली पाहिजे, बस. रिडू, म्हणजे अनडू केलेलं पुन्हा करणं, अजून तपासायचं आहे.

रविवार

आप्पांना नवं बिल्ड, म्हणजे दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर, दिलं. त्यांनी भराभर दहा-बारा वेळा करून पाहिलं, ठिपका हलेना. मी खूश, पण आप्पांचा चेहरा काही सैल होईना.

“मंग जुन्या फायलींस्नं काय?”

खरंच की. बिल्ड बदललं म्हणून आधीच गेलेले ठिपके परत येत नाहीत. सुदैवाने आप्पा दर बोर्डाच्या फायली तारखेनिशी वेगळ्या ठेवतात. दोन लगतच्या तारखांच्या नेटलिस्ट शेजारी ठेवून ग्राउंडवरून कोण गळलं ते काढणारी स्क्रिप्ट सुरू केली आहे. फॅब्रिकेशनला, म्हणजे प्रत्यक्ष बनवायला, गेलेले बोर्ड आधी, बाकीचे नंतर. गेलेल्यांची यादी उद्या सकाळी आप्पा आणणार आहेत.