इमोशनल होऊ नका

"इमोशनल होऊ नका." स्टोअरमधली हाताने लिहायची कार्डं बंद होऊन स्कॅनर आले, त्याच्या ट्रेनिंगमध्ये साहेब म्हणाले. कुणा एकाला नाही, पण बघत माझ्याकडे होते. बडोद्यात मकरपुऱ्याच्या ऑफिसातून दांडिया बाजारात घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं.

ट्रेनर बाईंनी भिंतीवर बदल पचवण्याच्या टप्प्यांची वक्ररेषा लावली: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. आपण जिथे आहोत तिथे रंगीत टिकली चिकटवायची. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी हे टप्पे 1969 मध्ये मांडले, मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. ऑफिसातल्या बदलाला ते नंतर इतरांनी लावले. सगळं ओळीनेच घडतं असं क्यूब्लर-रॉस यांचंही म्हणणं नव्हतं. मग आम्हालाच एका दुपारी स्वीकारापर्यंत पोचवायची एवढी घाई का?

स्टोअर सांभाळणाऱ्या काकांनी टिकली हातातच ठेवली. नंतर मी स्टोअरमध्ये गेले, तर ते बिन कार्डांचे, म्हणजे प्रत्येक मालाची आवक-जावक लिहायच्या कार्डांचे, गठ्ठे सुतळीने बांधत होते. रद्दीत द्यायला. वरच्या कार्डावर बेअरिंगची आवक-जावक, त्यांच्या तिरक्या अक्षरात, शिल्लक लाल शाईने. "कुणी एकदा बघायला तरी हवं होतं," एवढंच म्हणाले. ऑफिसातल्या मीनाबेन म्हणाल्या, चाले हवे, चालतं आता. त्यांना चालेल. माझं घरीही सध्या... जाऊ दे.

इमोशनल होऊ नका म्हणे! काकांचा त्या कार्डांवर जीव होता, म्हणूनच रात्री उतरलेल्या मालाचीही नोंद कधी राहिली नाही. तेव्हा बरा चालला तो जीव. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने 1947 सालीच लिहून ठेवलंय, नुसता वरून जोर वाढवला की ताण वाढतो. माणसाला काय अडवतंय ते आधी दूर करा. त्यासाठी विचारावं लागतं. आमच्याकडे थेट स्कॅनर आले.

स्कॅनर वाईट नाही. मार्चमध्ये माझे हिशेबाचे आणि स्टोअरचे आकडे जुळवता जुळवता रात्र व्हायची, ते टळेल. मला हवाच आहे तो. हवाय आणि रडूही येतंय. दोन्ही खरं आहे, त्या रेषेवर मात्र एकच टिकली लावायची होती.

उद्या साहेबांना सांगणार आहे. जुन्या शिलका नव्या सिस्टीममध्ये चढवायच्याच आहेत, तर काकांना शेजारी बसवून त्यांच्या कार्डांवरूनच चढवू. तोवर गठ्ठे रद्दीत जाणार नाहीत. आणि पुन्हा तेच वाक्य आलं, तर म्हणेन, हो साहेब, थोडे दिवस होणार. कामही करणार.