‘एव्हरीथिंग ओके, मॅम?’

कॅफेतल्या पोरांना हे कोण शिकवतं माहीत नाही, पण ती बरोब्बर आपल्या तोंडात घास असतानाच येतात. हात मागे, मान किंचित वाकवून, "एव्हरीथिंग ओके मॅम?" आणि आपण, म्हणजे ज्यांनी नुकतंच शेजारी बसलेल्या नवऱ्याला कुजबुजत सांगितलेलं असतं की अंडं आतून दगड झालंय आणि हा पाव कापायला करवत लागेल, ते आपण भरल्या तोंडाने मान डोलावतो आणि म्हणतो, "हां हां, व्हेरी नाइस." वर्गात बाईंनी "समजलं का रे?" विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो ना, अगदी तसं. पोरगं खूश होऊन पुढच्या टेबलाकडे. मग बिल, मग रिक्षा, आणि रिक्षात बसल्याबरोबर खरा अभिप्राय सुरू होतो तो घरी चपला काढेपर्यंत पुरतो.

मला यात गंमत ही वाटते की हीच माणसं दुसरीकडे अजिबात मुकी नसतात. रविवारी सकाळी माटुंग्याला कॅफे मद्रासच्या बाहेर जाऊन उभं राहा. १९४० सालापासूनचं ठिकाण, फुटपाथवर घोळका, एकजण वहीत नावं लिहून घेतोय आणि मोठ्याने पुकारतोय, आत गेलात की अनोळखी लोकांच्या टेबलावर कोपर आवरून बसायचं. पण बसल्या क्षणापासून लोकांची तोंडं कशी सुटतात ऐका. डोसा कडक पाहिजे, चटणी अजून आण, सांबार वाटीत वेगळं दे, हे गार झालंय गरम घेऊन ये, कॉफीत साखर कमी. दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा मागवताना "आत्ताचेच आहेत ना?" हे बसायच्या आधीच विचारून झालेलं असतं. तिथे कोणी येऊन विचारत नाही की एव्हरीथिंग ओके का म्हणून, त्याला वेळच नसतो, तुमच्या खुर्चीमागे पुढचं कुटुंब तुमच्या ताटातला शेवटचा घास मोजत उभं असतं. पण तुम्ही सांगता आणि तो आणतो.

मग तोच माणूस वांद्र्याच्या रानवारमधल्या किंवा आता आपल्या शिवाजी पार्काच्या मागच्या गल्लीतल्या सहा टेबलांच्या कॅफेत शिरला की त्याची वाचा का जाते? पैसे तर इथे जास्त मोजतोय, ३०० रुपयांची कॉफी आहे. माझा अंदाज असा की आपल्याला आपण चुकू असं वाटत असतं. मेनूत अर्धे शब्द उच्चारता येत नाहीत, काउंटरमागच्या मुलीच्या हातभर टॅटू, भिंतीवर चिकमगळूरच्या कुठल्या मळ्यातली कॉफी, किती फूट उंचीवरची, वगैरे. असं वाटतं की हे आंबट लागतंय ते बहुतेक लागायलाच पाहिजे असं असेल, आपल्यालाच कळत नाही, उगाच बोलून गावठी कशाला ठरा. (कधीकधी ते खरंच आंबट लागायलाच हवं असतं, हलकी भाजलेली कॉफी तशीच लागते. पण मग विचारलं तर सांगतील की.)

याला आमच्याकडे एकच अपवाद, माझी आत्या. वय सत्तरीच्या पुढे, सगळं आयुष्य गिरगावात गेलं, खालचे वरचे सगळे दात नवे. तिला कॅफेत न्यायचं म्हणजे आधी माझ्याच पोटात गोळा. पहिल्यांदा नेलं तेव्हा कॅपुचिनो आला, वर दुधाचं सुंदर पान काढलेलं, तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि सगळ्या कॅफेला ऐकू जाईल अशा आवाजात, "अरे बाळा, इकडे ये. ये कॉफी तो कोमट है."

मी मेनूत तोंड घातलं. पोरगा आला, आणि चक्क समजावून सांगायला लागला, हिंदीतून, नीट. म्हणे आजी, आम्ही दूध ६० ते ६५ डिग्रीलाच थांबवतो, त्याच्यावर गेलं की दुधाचा गोडवा जातो आणि फेस मोडतो, मग हे पान निघत नाही. आत्या म्हणाली पान नको मला, चटका पाहिजे. आता बघा, यात चूक कोणाचीच नाही. आपला चहा उकळी फुटून वर येईपर्यंत चढवलेला, तो बशीत ओतून फुंकर मारत प्यायचा, घशाखाली जाताना कळलं पाहिजे की गेला. तिकडे यंत्रातून येणाऱ्या वाफेने तापवलेलं दूध, ते लगेच पिता यावं म्हणून तेवढंच तापवलेलं. दोन वेगळे हिशेब. पोरगा म्हणाला एक्स्ट्रा हॉट करून देतो, आणि आधी रिकाम्या कपात उकळतं पाणी घालून कप तापवून घेतला, मग त्यात कॉफी. पान थोडं फिसकटलं होतं. आत्याने घोट घेतला आणि म्हणाली, "आता कसं." मग तो हसत म्हणाला की रोज कोणी ना कोणी कप अर्धा सोडून जातं, विचारलं तर सगळे छान म्हणतात, गरम हवी होती हे सांगत कोणी नाही.

तिथून त्या दोघांचं जे सुरू झालं ते थांबेना. तिने पावाचा विषय काढला. सावरडो म्हणजे नुसत्या रानटी खमिरावर रात्रभर आंबवलेला पाव, खूप तापलेल्या भट्टीत वाफ सोडून भाजतात म्हणून त्याचं कवच तसं जाड आणि करकरीत होतं, ती त्याची शान समजतात. आत्याच्या नव्या दातांना त्या शानेशी काही कर्तव्य नव्हतं. पोरगा म्हणाला मग ब्रिऑश घ्या ना, अंडं लोणी घातलेला असतो, मऊ. हे मेनूत होतं का? होतं, पण कशाबरोबर बदलून मिळेल हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि मी एकटी असते तर तो टोस्टचा कडा ताटाच्या कोपऱ्यात लपवून वर टिश्यू टाकून आले असते.

इराण्याकडे हा प्रश्नच नव्हता. तिथे गिऱ्हाईकाला काय वाटतं हे विचारण्याऐवजी गिऱ्हाईकाने काय करू नये याच्या पाट्या असायच्या, कॅशियरशी गप्पा मारू नका, भांडू नका, केस विंचरू नका. मर्वान किंवा कयानीत मालक गल्ल्यावर, तुम्ही बन मस्का चहात बुडवा आणि गप खा. तरी लोक हक्काने ओरडायचे, मस्का कमी लावलाय म्हणून, आणि आतून काहीतरी उत्तरही यायचं. आणि दुसऱ्या टोकाला बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया, १९२३ चं. तिथले मालक बोमन कोहिनूर नव्वदी पार केल्यावरही दुपारी टेबलाटेबलावर फिरून स्वतः ऑर्डर घ्यायचे, बेरी पुलाव घ्या सांगायचे, इंग्लंडच्या राणीच्या घराण्याचं कौतुक ऐकवायचे. २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी गेले. ते तुमच्या टेबलाशी आले की तिथेच रेंगाळायचे, बोलायचे, तुमचं ऐकायचे. कॅफेतला आजचा पोरगा प्रश्न विचारतो तेव्हा त्याचा एक पाय पुढच्या टेबलाकडे निघालेला असतो, हेही आहेच, सगळा दोष आपल्या भिडस्तपणाचा नाही.

आणि त्याचा तरी काय दोष. या लहान जागांचं गणित विचित्र असतं. मंगळवारी दुपारी तीनला जा, एक लॅपटॉपवाला आणि मांजर. रविवारी अकरा ते एक, अख्खी मुंबई एकदम ब्रंचला. आत किचनमध्ये दोघंजण, एखाद दुसरी शेगडी. एग्ज बेनेडिक्टचं बघा, म्हणजे पावावर अंडं आणि त्यावर सॉस. अंडं फोडून गरम पाण्यात सोडून तीन चार मिनिटं, तेवढ्यात नजर हटली की पिवळं घट्ट. वरचा सॉस म्हणजे अंड्याचा बलक आणि लोणी हळूहळू फेटून केलेला, जास्त तापला तर फाटतो, गार झाला तर घट्ट होऊन बसतो, करून ठेवायची सोय फारशी नाही. अशा दहा ऑर्डरी एकदम आल्या की कोणाचं तरी अंडं दगड होणार. हे गिऱ्हाईकाला माहीत नसतं आणि कॅफेवाले सांगत नाहीत, "फाइव्ह मिनिट्स मॅम" म्हणतात आणि पाचाचे पंचवीस होतात. पार्ल्यातल्या एका जागेत मात्र दारातच सांगतात, आत दोघंच आहोत, अर्धा तास तरी लागेल, चालेल का? ज्यांना नाही चालत ते जातात, बाकीचे बसतात आणि कोणी सारखं घड्याळाकडे बघत नाही. मला ही जागा त्यांच्या पॅनकेकपेक्षा या एका वाक्यासाठी आवडते (पॅनकेक ठीकठाक आहेत).

बिलाच्या वेळचा मुकेपणा तर औरच. एका कॅफेत आम्ही चौघी मैत्रिणी, बिल आलं, खाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज. चौघींनी वाचलं, चौघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि एक म्हणाली जाऊ दे ना. आता हा चार्ज सरकारी नाही, जीएसटी वेगळा, तो बहुतेक साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के असतो आणि तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. म्हणजे काढा म्हणायचा हक्क आहे, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. मी म्हटलं, काढता का हा प्लीज? मुलगी म्हणाली शुअर मॅम, आणि दोन मिनिटांत नवीन बिल. चेहऱ्यावर आठी नाही काही नाही. मग ती जेवढी रक्कम होती ना साधारण तेवढीच आम्ही तिच्या हातात रोख ठेवली, कारण तिने खरंच छान वाढलं होतं, आणि बिलातून घेतलेले तिच्यापर्यंत किती पोचतात ते देव जाणे. मैत्रीण बाहेर येऊन म्हणाली, मग वाचले काय? काहीच नाही. माझं म्हणणं वाचवायचं नव्हतंच, कोणाला द्यायचे ते मला ठरवायचं होतं.

यातला वाईट प्रकार म्हणजे तोंडावर छान म्हणून रात्री गादीवर पडल्या पडल्या मोबाइलवर दोन तारे देणारे. मोठ्या साखळीवाल्या दुकानाला त्याने काही होत नाही, त्यांच्याकडे हजारो पडलेत. पण ज्याने सहा टेबलं टाकलीयेत, जो स्वतः सकाळी कणीक मळतो, त्याला ते दोन तारे महिनाभर टोचत राहतात, आणि नक्की काय बिघडलं तेही कळत नाही, कारण लिहिलेलं असतं "नॉट अप टू द मार्क". अहो कशाचा मार्क? मीठ कमी होतं, पाव शिळा होता, पंखा डोक्यावर नव्हता? आणि उलटंही तितकंच खरं. काहीतरी अप्रतिम मिळालं की आपण त्याचे चार फोटो काढतो, पण आत जाऊन, किंवा पडद्याकडे तोंड करून, "अहो ते लिंबाचं काय केलंत ते फार मस्त झालंय" एवढं ज्याने केलं त्याला सांगत नाही. लहान जागेत तो माणूस दहा फुटांवर उभा असतो. उडप्याकडे भटारखाना कुठे मागे असतो, इथे तर त्याचा घाम दिसतो.

आत्या आता महिन्यातून एकदा तरी स्वतःच म्हणते, चल तुझ्या त्या कोमट कॉफीवाल्याकडे. मागच्या खेपेला तिथे गाणी फार मोठ्याने लागली होती. या जागा बहुतेक सगळ्या उघडा सिमेंट, काच आणि लोखंडी खुर्च्या, आवाज शोषून घेईल असं काही नाही, त्यात रस्त्यावरचे हॉर्न, प्रत्येकजण वाकून वाकून एकमेकांच्या कानात बोलत होता. मी पण. आत्याने हात वर केला, "बाळा, वो गाना जरा हळू कर." त्याने लगेच केला. शेजारच्या टेबलावर एक मुलगा मुलगी होती, कॉलेजातली असावीत, मराठीच, मुलगी वळून म्हणाली, "थँक यू आजी, आम्हाला पण केव्हाचं सांगायचं होतं."

"मग?" आत्या म्हणाली, "जीभ काय पार्सल दिली होती?"