चौकोनातला मोगली

रविवारच्या दुपारी जेवणं आटोपली की कुणीतरी भिंतभर टीव्हीवर 'जंगल बुक' लावतं आणि पहिल्याच मिनिटाला बल्लू ओळखू येत नाही. मुळात गुबगुबीत, त्यात आता आडवाही वाढलेला. दोष बल्लूचा नाही. 1989 सालची ही जपानी मालिका 4:3च्या, जवळपास चौकोनी पडद्यासाठी काढलेली. ती 16:9च्या पडद्यावर ताणली की प्रत्येक प्राणी एक तृतीयांशाने रुंद होतो. 'झूम' केलं तर रुंदी सुधारते, पण चित्राची पाव उंची कापली जाते. वर मोगलीचे केस जातात, खाली लांडग्यांचे पंजे. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन 4:3 करावं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात त्या येऊ द्याव्यात. पट्ट्या बघून 'जागा वाया गेली' म्हणणारी माणसं घरोघरी असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं.

आणखी एक करायचं. हालचाल गुळगुळीत करणारं 'मोशन'चं जे काही सेटिंग असेल ते बंद. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) असल्या, तरी अशा मालिकांत एकच चित्र बहुतेकदा तीन चौकटी टिकवतात. म्हणजे सेकंदाला चित्रं फक्त आठ. मधल्या जागा टीव्ही मनाने भरायला गेला की धावत्या पंजांच्या कडा फरफटतात, शाई ओली असल्यासारख्या.

आठ चित्रांची ही काटकसर एकदा कळली की सगळीकडे दिसायला लागते. कळप धावतो तेव्हा पायांची तीच मोजकी चित्रं फिरत असतात, मागचा देखावा सरकवलेला असतो. नीट पाहिलं तर तेच वाकडं झाड पुन्हा येतं. कुणी बोलत असेल तर धड एका पारदर्शक तावावर स्थिर आणि तोंड दुसऱ्यावर: मिटलेलं, अर्धवट, उघडं. एवढंच. म्हणून तर हिंदी त्या तोंडात इतकी सहज बसली. असल्या तोंडाला जपानी काय नि हिंदी काय. वाक्याची सुरुवात आणि शेवट जुळला की काम झालं.

बाकीचं आवाजाने केलं. शेरखान म्हणजे नाना पाटेकर. एखादा शब्द चावून टाकायचा, मग थांबायचं. त्या थांबण्यात पडद्यावर चित्र बदलतच नाही, वाघ नुसता बघत असतो. काटकसरीतून आलेली ती स्तब्धता आणि नानांचा दम, दोन्ही मिळून जी भीती तयार होते ती आजही पुरते. शीर्षकगीतही इथलंच, गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल. ते 'स्किप' करणाऱ्यांशी काय बोलायचं?

फक्त सलग चार भाग पाहू नयेत. मालिका 52 भागांची, आठवड्याला एक अशा बेताने केलेली. एका बैठकीत पाहिली की तेच वाकडं झाड छळायला लागतं.

आणि मूळ पुस्तक लिहिणाऱ्या किपलिंगचं हे जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, म्हणजे नागपूरहून फार लांब नाही. गोष्टीतली वैनगंगा तर पुढे आपल्याच भंडाऱ्याकडे येते. तिथल्या पोराच्या हातात बूमरँग कुठून आलं, हे विचारू नये. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.