वॉटर कूलिंग लावताय? आधी बोर्डाची वीज बघा

मी नागपुरात कॉम्प्युटर असेंबल करून देते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण आर्किटेक्ट, व्हिडिओ एडिटर किंवा थ्रीडीचं काम करणारे असतात. त्यांचं रेंडर, म्हणजे तयार कामाचं चित्र किंवा व्हिडिओ बनवणं, तासन्तास चालतं. मार्च उजाडला की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो: "मॅडम, चांगलं वॉटर कूलिंग बसवलं, प्रोसेसर सत्तर अंशांच्या वर जात नाही, मग रेंडर लावून वीसेक मिनिटं झाली की मशीन रेंगाळायला का लागतं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी नीट लिहिते.

प्रोसेसर थंडच आहे, तुमचा आकडा बरोबर आहे. तापलाय तो त्याच्या शेजारचा, त्याला वीज पुरवणारा मदरबोर्डाचा भाग. आणि तुम्ही बसवलेलं पाणी त्या भागापर्यंत पोचतच नाही.

या भागाला व्हीआरएम (व्होल्टेज रेग्युलेटर मॉड्यूल) म्हणतात. सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, डाव्या बाजूला आणि वरच्या कडेला चौकोनी ठोकळ्यांची रांग दिसते ना, त्या कॉइल. त्यांच्या बाजूला, बहुधा हीटसिंकखाली (उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याखाली) झाकलेले, मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून, येणारी वीज १२ व्होल्टची असते आणि प्रोसेसरला साधारण १ ते १.४ व्होल्टच लागतात. मॉसफेट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन हा दाब उतरवतात, कॉइल आणि कपॅसिटर तो सपाट करतात. काम एकट्याला झेपणारं नसतं, म्हणून ते अशा मॉसफेट-कॉइलच्या अनेक संचांत वाटलेलं असतं, त्यांना फेज म्हणतात.

आता हिशेब करू. इंटेलच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची कमाल टर्बो मर्यादा २५३ वॅट आहे. १.२ व्होल्ट धरले तर त्याला सुमारे २१० अँपिअर करंट लागतो. घरातल्या गिझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो, यावरून या आकड्याचा अंदाज यावा. हा सगळा करंट बोर्डाच्या हातभर नव्हे, बोटभर पट्ट्यातून वाहतो. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के मानली, तरी २८ वॅटच्या आसपास उष्णता त्या पट्ट्यातच तयार होते. शिवाय तारा आणि मॉसफेट यांच्या रोधामुळे होणारा तोटा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. करंट दीडपट झाला की तो तोटा सव्वादोन पट होतो. प्रोसेसर थोडा जास्त पळवला की बोर्ड एवढा का तापतो, त्याचं कारण या वर्गात आहे.

पूर्वी हे खपून जायचं. प्रोसेसरच्या डब्यात मिळणाऱ्या साध्या कूलरचा पंखा हवा खाली बोर्डावर फेकतो आणि ती चारी बाजूंना पसरताना व्हीआरएमला लागते. उंच टॉवर कूलरसुद्धा सॉकेटच्या आसपासची हवा हलती ठेवतो. वॉटर कूलिंग लावताना आपण तो पंखा काढतो, त्या जागी लहानसा पंप बसवतो आणि पंखे नेऊन रेडिएटरवर, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या जाळीवर, लावतो. प्रोसेसरची सोय झाली, पण शेजाऱ्याला फुकट मिळणारी हवा गेली. आर्क्टिक कंपनीने लिक्विड फ्रीझर २ या वॉटर कूलरमध्ये पंपावरच ४० मिलिमीटरचा छोटा पंखा दिला तो याचसाठी. असूसच्या र्‍युजिन या वॉटर कूलरमध्येही पंपाच्या आत ६० मिलिमीटरचा पंखा आहे. दिसायला शोभेचे वाटतात, पण ते खरोखर कामाचे आहेत.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. माझा खरा जीव अडकतो तो पुढच्या गोष्टीत.

नवा बोर्ड पहिल्यांदा चालू केला की काही कंपन्यांचे बायोस (बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) एक प्रश्न विचारतात: कूलर कोणता लावलाय? एमएसआयच्या अनेक इंटेल बोर्डांवर, निदान जुन्या बायोसमध्ये, डब्यातला कूलर, टॉवर कूलर आणि वॉटर कूलर असे तीन पर्याय येतात. तुम्ही आनंदाने 'वॉटर कूलर' निवडता. त्या निवडीने पाण्याबद्दल काहीच ठरत नाही, ठरते ती विजेची मर्यादा, आणि अशा अनेक बोर्डांवर ती ४०९६ वॅट होते. घरातल्या साध्या सर्किटवर कुठलाच कॉम्प्युटर एवढी वीज ओढत नाही. म्हणजे अर्थ सरळ आहे: मर्यादा नाही. प्रोसेसर तापमानाच्या भिंतीला टेकेपर्यंत जेवढी मिळेल तेवढी वीज घेणार, आणि तुमचा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर ती भिंत आणखी लांब ढकलणार. जितकं चांगलं पाणी, तितकी जास्त वीज, तितका जास्त तापलेला व्हीआरएम. कूलरवर खर्च केलेला प्रत्येक रुपया बोर्डावरचा भार वाढवतो, हे विकत घेताना कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग व्हीआरएम सुमारे १०५-११० अंशांच्या पुढे गेला की बोर्ड प्रोसेसरला थांबायचा इशारा पाठवतो. प्रोसेसर स्वतः थंड असूनही एका झटक्यात वेग कमी करतो. करंट घटतो, व्हीआरएम निवतो, इशारा मागे घेतला जातो, वेग पुन्हा वर. तुम्हाला जाणवणारं रेंगाळणं म्हणजे हीच चढ-उतार. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून 'व्हीआर थर्मल' किंवा 'प्रोकहॉट'च्या ओळीसमोर 'येस' दिसतं का बघा. स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमचं तापमान बऱ्याचदा दिसतच नाही, तिथे ही ओळ हाच पुरावा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर हीटसिंकवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून मग मोजा, चकचकीत धातूवर तो आकडा कमी दाखवतो.

हा त्रास स्वस्त बोर्डांचाच आहे असंही नाही. जून २०१७ मध्ये इंटेलचा एक्स२९९ प्लॅटफॉर्म आला, तेव्हा जर्मन ओव्हरक्लॉकर (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणारे) रोमन हार्टुंग यांनी महागड्या बोर्डांचे व्हीआरएम कसे भाजून निघतात हे जाहीरपणे दाखवलं होतं. हीटसिंक म्हणून बसवलेले धातूचे गुळगुळीत ठोकळे, त्यांवर प्लास्टिकची नक्षी, हवा शिरायला जागाच नाही. पुढे बोर्डांवर पुन्हा पात्यांचे हीटसिंक दिसू लागले, त्यात त्या टीकेचा वाटा आहे असं मी मानते. २०२४ चं प्रकरण वेगळं, तिथे इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसरच जास्तीच्या व्होल्टेजमुळे झिजत होते. इंटेलने ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दुरुस्त केला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि बोर्डांनी इंटेलच्या मूळ मर्यादा पाळाव्यात असं सांगितलं. आय-९ १४९००के साठी त्या २५३ वॅट आणि ३०७ अँपिअर आहेत. यांपैकी एखादा प्रोसेसर तुमच्याकडे असेल आणि बोर्डाचा बायोस जुना असेल तर हे वाचून झाल्यावर आधी तो अपडेट करा.

तर मग काय करायचं? सगळ्यात आधी, एक पैसाही न खर्चता, बायोसमध्ये विजेची मर्यादा स्वतः लिहा. रेंडरच्या मशीनला मी बहुधा १८० ते २०० वॅटच्या दरम्यान बांधते. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सवर हेच काम इको मोड करतो: सॉकेटची मर्यादा २३० वॅटवरून १४२ वॅटवर येते. वेग कमी होतो, पण विजेच्या प्रमाणात अजिबात नाही, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठीच प्रोसेसर सगळ्यात जास्त वीज खातो. काही जणांना हा उपाय कमीपणाचा वाटतो. मला उलट वाटतं. रात्रभर चालणाऱ्या रेंडरला स्थिर वेग लागतो. थोडं हळू पण एकसारखं चाललेलं मशीन सकाळी पूर्ण काम हातात देतं.

दुसरं, रेडिएटर वर लावा आणि पंख्यांची दिशा हवा बाहेर फेकणारी ठेवा. व्हीआरएम कॅबिनेटच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात असतो, त्यामुळे वर ओढली जाणारी हवा त्याच्यावरून जाते. मागचा एक्झॉस्ट पंखा मात्र काढू नका. पुढच्या बाजूला रेडिएटर लावला तर प्रोसेसर एखाद-दोन अंश थंड राहील, पण पाण्याने टाकलेली गरम हवा थेट बोर्डावर येईल. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि एसी नसलेल्या खोलीत चाळीसच्या आसपास असतं. तिथे हा फरक फार महाग पडतो. रेडिएटरमधलं पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. भाराखाली ते दहा-पंधरा अंशांनी वरच राहतं, आणि तयार कूलरच्या कंपन्या साधारण ६० अंशांखाली पाणी ठेवायला सांगतात. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे शिल्लक जागा फारच थोडी.

पंप कायम पूर्ण वेगाने चालवा आणि बोर्डावरच्या पंपाच्या हेडरलाच (पंपासाठी दिलेल्या पिनांनाच) जोडा. पंख्यांचा वेग मात्र शक्य असेल तर पाण्याच्या तापमानावर ठरवा. प्रोसेसरचा आकडा क्षणाक्षणाला उड्या मारतो, पाणी सावकाश तापतं, आणि हीटसिंकही सावकाशच. म्हणूनच दुकानात पाच मिनिटं चाललेली चाचणी काहीच सांगत नाही. मी तरी किमान अर्धा-पाऊण तास पूर्ण भार टाकून, कॅबिनेटची झाकणं लावून बघितल्याशिवाय मशीन देत नाही.

नवं घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: बजेट ठरलेलं असेल तर आधी बोर्ड, मग रेडिएटर. फेजच्या जाहिरातीतल्या आकड्यांवर जाऊ नका. हीटसिंक भरीव आहे का, त्याला पाती आहेत का, हे बघा. बोर्डावर प्रोसेसरच्या विजेसाठी आठ पिनच्या दोन जोडण्या असतील तर एसएमपीएसमधून दोन्ही जोडा. एच६१० सारख्या साध्या बोर्डावर मॉसफेट बऱ्याचदा उघडेच असतात, तिथे आय-९ आणि महागडं वॉटर कूलिंग ही जोडी मी बसवून देत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी. आधीच तसं मशीन असेल तर मर्यादा १२५ वॅटला बांधा आणि व्हीआरएमवर हवा मारणारा एक छोटा पंखा लावून घ्या.

राहता राहिला डेझर्ट कूलरच्या ओल्या हवेचा प्रश्न, तोही दर उन्हाळ्यात येतो. बोर्डावर पाणी सुटणार नाही. दव पडायला पृष्ठभाग हवेतल्या दवबिंदूपेक्षा थंड व्हावा लागतो, आणि तुमचा रेडिएटर खोलीपेक्षा गरमच असतो. त्रास होतो तो धुळीचा. दमट हवेतली धूळ रेडिएटरच्या पात्यांत चिकटून बसते, नुसत्या ब्लोअरने निघत नाही. मऊ ब्रश घ्या, पंखा बोटाने धरून ठेवा आणि उन्हाळाभर दर महिन्याला साफ करा.