पहाटे ३:४० ची नोंद

दिब्बा हे गाव एक असले तरी त्याचे धनी तीन आहेत. एक भाग संयुक्त अरब अमिरातींपैकी फुजैराचा, एक शारजाचा आणि एक शेजारच्या ओमान देशाचा. पाठीशी हजर पर्वताचे उघडेबोडके कडे, समोर ओमानचे आखात आणि या दोहोंच्या मध्ये खजुराच्या बागा, मशिदी, भाड्याच्या इमारती आणि मासळीबाजार मावतील एवढीच सपाट जमीन. बारमाही नदी नाही. पाऊस आला तर डोंगरातली कोरडी पात्रे तासाभरासाठी धावतात आणि पुन्हा गोटे होऊन पडतात. मी मूळचा माण तालुक्यातला, त्यामुळे टँकरची वाट पाहण्याची सवय मला लहानपणापासून होती. पण समोर क्षितिजापर्यंत पाणी असताना टँकरची वाट पाहावी लागते, हे मात्र मी इथे येऊन शिकलो.

२००८ साली मी या किनाऱ्यावरच्या समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या एका छोट्या प्लांटमध्ये केमिस्ट होतो. काम ऐकायला साधे आहे. समुद्राचे पाणी इनटेकमधून आत खेचायचे, त्यात क्लोरीन सोडायचे, वाळूच्या आणि कोळशाच्या थरांतून गाळायचे, पाच मायक्रॉनच्या काडतूस फिल्टरांतून पुन्हा गाळायचे आणि मग साठ बारहून अधिक, म्हणजे हवेच्या जवळजवळ साठपटीहून जास्त, दाबाने मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण मीठ अडवणाऱ्या पातळ पडद्यावर, ढकलायचे. शंभर लिटर खारे पाणी घेतले तर सुमारे चाळीस लिटर गोडे मिळते, उरलेले साठ लिटर आणखी खारट होऊन समुद्रात परत जाते. मेम्ब्रेनला क्लोरीन सोसत नाही, म्हणून तिच्या अलीकडे बायसल्फाइट नावाचे रसायन देऊन ते मारून टाकावे लागते. तयार झालेल्या पाण्याला काहीच चव नसते. त्यात चुना आणि क्षार घालून ते पिण्याजोगे केले जाते. इथे सगळे हिशेब ब्रिटिश गॅलनमध्ये होत. दहा लाख गॅलन म्हणजे साडेपंचेचाळीस लाख लिटर, हा गुणाकार माझ्या डोक्यात इतका बसला होता की गावाकडे विहिरीचे पाणीही मी गॅलनमध्ये मोजू लागलो होतो.

या सगळ्या यंत्रणेत माझ्या हाती असलेली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे एक पांढरी गोल चकती. जुन्या रुपयापेक्षा बरीच मोठी, कागदासारखी पातळ, छिद्रे ०.४५ मायक्रॉनची. वाळूतून गाळून आलेले पाणी ठरावीक दाबाने या चकतीतून सोडायचे आणि अर्ध्या लिटरचे भांडे भरायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. नळ तसाच चालू ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा भांडे भरायचे. चकती जितकी तुंबली असेल तितका दुसऱ्या वेळी उशीर होतो. पहिल्यांदा पंचवीस सेकंद आणि नंतर चाळीस लागले, तर पाणी किती तुंबवणारे आहे ते सांगणारा निर्देशांक अडीच येतो आणि केमिस्ट निवांत चहा प्यायला जातो. तीनच्या पुढे काळजी सुरू होते, आणि पाच ही मेम्ब्रेन बनवणाऱ्यांनी घालून दिलेली हद्द आहे. परीक्षेनंतरची चकती आम्ही सेलोटेपने लॉगबुकात चिकटवून ठेवत असू. एरवीची पाने चाळली तर फिकट पिवळसर ठिपक्यांची रांग दिसे.

ऑगस्टपासून समुद्रात तपकिरी पट्टे दिसू लागले होते. स्थानिक लोक त्याला ‘मद्द अहमर’, म्हणजे लाल भरती, म्हणत. कधी ते पट्टे वाऱ्याने दूर जात, कधी खाडीच्या कोपऱ्यात अडकून राहत आणि पाणी दोनदा उकळलेल्या चहासारखे दिसे. मासळीबाजारात श्रीवर्धनचे एक चाचा हॉटेलांसाठी मासळी उचलत. मराठी बोलायला मिळते म्हणून शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याकडे हमखास जात असे. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला एक सुरमई उलटी करून दाखवली आणि कल्ला बोटाने उघडला. आत तांबडे रक्त दिसायला हवे तिथे करडा चिकटा बसला होता. “श्वास घेऊ देत नाय हा. ही पाण्यात गुदमरून मेली, भाऊ,” ते म्हणाले, “आज नेऊ नका.” मी मासळी घेतली नाही. मात्र जो चिकटा माशाच्या कल्ल्यात बसतो तो आमच्या फिल्टरांतही बसणार, एवढी साधी गोष्ट रसायनशास्त्राची पदवी असूनही मला तेव्हा सुचली नाही.

दिवाळीला दोन दिवस राहिले असताना माझी रात्रपाळी होती, संध्याकाळी सात ते सकाळी सात. मध्यरात्रीनंतर समुद्रातून येणाऱ्या पाण्याचा रंग बदलला. वाळूचे फिल्टर एरवी दिवसातून एकदा उलट्या प्रवाहाने धुवावे लागत; त्या रात्री तीन-तीन तासांनी धुऊनही त्यांचा दाब उतरेना. पाणी गढूळ आणि सजीवांनी भरलेले असेल तर क्लोरीन वाढवायचे, हे मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकलो होतो, कारण शेवाळ आणि पाइपांच्या आत घर करणाऱ्या शिंपल्यांवर तोच उपाय चालतो. मी तोच केला. मात्रा जवळजवळ दुप्पट केली, त्या हिशेबाने बायसल्फाइटही वाढवले आणि लॉगबुकात लिहिले: ‘०३:४०, इनटेकवर क्लोरीन वाढवले.’ काहीतरी केल्याचे समाधान वाटले. पाळीवरचा ऑपरेटर केरळातल्या मलप्पुरमचा होता. त्याने न मागता मला सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, करून दिली.

साडेपाचला चकतीची परीक्षा घेतली. पहिले भांडे भरायला नेहमीपेक्षा थोडाच जास्त वेळ लागला. पाचव्या मिनिटाला धार बारीक झाली, आठव्या मिनिटाला थेंब पडू लागले आणि पंधरावे मिनिट उजाडण्याआधीच तेही थांबले. निर्देशांक काढायला आकडाच उरला नाही. झाकण उघडले तर चकती कात लावलेल्या पानासारखी लालसर तपकिरी झाली होती. तिला बोट लावून उचलले तर भेंडी चिरताना येते तशी तार आली. मी ती तार दोन बोटांमध्ये कितीतरी वेळ ताणून पाहत राहिलो.

आमच्याकडे शाळेत असतो तसा एक साधा मायक्रोस्कोप होता. इनटेकच्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला. गोलसर पेशी चार-चार, आठ-आठ जोडून माळेसारख्या झाल्या होत्या आणि अख्खी माळ स्क्रू फिरावा तशी गिरक्या घेत पुढे सरकत होती. तिचे तेव्हाचे शास्त्रीय नाव कॉक्लोडिनियम, हे मला पुढे कळले. मग क्लोरीन दिल्यानंतरच्या पाण्याचा थेंब घेतला. त्यात माळा नव्हत्या. फुटलेल्या पेशींचा चोथा आणि त्याभोवती धूसर, चिकट पसारा होता.

त्याच वेळी मी किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका प्लांटमधल्या ज्येष्ठ तमिळ सहकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी मला बोलू दिले आणि मग एकच प्रश्न विचारला, “क्लोरीन किती देताय?” मी सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. “जिवंत असेपर्यंत ती पेशी निदान वाळूत अडकते,” ते म्हणाले. “तुम्ही ती फोडलीत. आता तिच्या पोटातला डिंक वाळूतून पार होऊन सरळ मेम्ब्रेनवर जाणार. आधी क्लोरीन बंद करा, बाकीचे मग बोलू.”

मी क्लोरीन बंद केले. पण तोवर दोन तास होऊन गेले होते. मेम्ब्रेनच्या नळ्यांच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक, जो महिनोन्महिने काटा चिकटवल्यासारखा स्थिर असे, तो डोळ्यांदेखत चढत होता. पाच मायक्रॉनची काडतुसे उघडली तेव्हा पांढऱ्या सुताच्या जागी तपकिरी लगदा हाताला आला.

साडेसहाला व्यवस्थापक आले. त्यांचे म्हणणे असे, की गावाच्या टाक्यांत जेमतेम एका दिवसाचे पाणी आहे, तेव्हा संध्याकाळपर्यंत कसेही करून चालवावे आणि दाब वाढला तर वाढू द्यावा. माझे म्हणणे असे, की आज बंद केले तर मेम्ब्रेन धुऊन वाचतील. संध्याकाळपर्यंत चालवले तर त्या बदलाव्या लागतील, आणि नव्या परदेशातून येईपर्यंत आठवडे जातील. आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो, असे मला आजही वाटते. माझ्याजवळ त्यांना दाखवायला आकडा नव्हता, कारण परीक्षाच पुरी झाली नव्हती. शेवटी मी ती चकती चिमट्यात धरून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वास घेऊन पाहिली, तोंड वाकडे केले आणि कंट्रोल रूमला फोन केला.

सात वाजून दहा मिनिटांनी उच्च दाबाचे पंप एकामागून एक थांबले. त्या पंपांची घरघर इतकी सवयीची झाली होती की ती थांबल्यावर माझ्या कानांना दडे बसल्यासारखे झाले. कुंपणापलीकडे समुद्राच्या लाटा आदळतात हे मला अडीच वर्षांत पहिल्यांदाच आतून ऐकू आले. पाळी संपली होती, पण घरी कोणी गेले नाही. साठवलेल्या गोड्या पाण्याने मेम्ब्रेन धुवायच्या होत्या. गावाला पाणी कमी पडणार हे माहीत असताना तेच गोडे पाणी गटारात सोडताना हात जड झाला.

दहा वाजल्यापासून फोन सुरू झाले. आखाती अरबीत पाण्याला ‘माय’ म्हणतात. एरवी आम्हा मराठी मंडळींत यावर हमखास विनोद होत असे. त्या दिवशी एका वृद्ध स्थानिक बाईंचा फोन चुकून प्रयोगशाळेत लागला. त्या पुन्हा पुन्हा “माय माफी, माय माफी” एवढेच म्हणत होत्या, म्हणजे ‘पाणी नाही, पाणी नाही’. मी मोडक्यातोडक्या अरबीत ‘टँकर येतो आहे’ असे सांगितले. तो कधी येणार ते मला ठाऊक नव्हते. दुपारी डोंगराकडच्या विहिरींचे मचूळ पाणी घेऊन टँकर येऊ लागले. पठाण ड्रायव्हर फाटकाशी गाडी थांबवून आमच्याकडून पाणी तपासून घेत. क्षार ठरल्यापेक्षा जास्तच निघत होते. ‘फक्त वापरासाठी’ असा शेरा मारून मी एकेक चिठ्ठी देत राहिलो.

घरी पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. इथे गच्चीवरच्या फायबरच्या टाक्यांतले पाणी उन्हाळ्यात इतके तापते की लोक गीझर बंद ठेवून त्यातलेच पाणी गार म्हणून वापरतात. बायकोने टाकीतले उरलेसुरले पाणी त्या गीझरमधूनच दोन बादल्यांत काढून ठेवले होते, त्यांवर ताटे झाकली होती, आणि पलीकडे उटण्याची पुडी ठेवली होती. शेजारच्या दापोलीच्या भाभींना तिने त्यातली एक कळशी आधीच दिली होती. “अहो, तुम्हीच पाणी करता ना?” ती म्हणाली. तिने थट्टेने विचारले होते, पण मला उत्तर देता आले नाही. मी तिला क्लोरीनची हकिकत सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “हे तुमच्या वहीत लिहिलंय का?”

लिहिले होतेच, प्रश्न अहवालाचा होता. दुसऱ्या दिवशी अहवालाच्या ‘कारण’ या रकान्यात ‘समुद्रातील लाल भरती’ असे लिहून सही केली असती, तर ते खोटे ठरले नसते. तो प्रकोप पुढे मे २००९ पर्यंत, आठ महिन्यांहून अधिक काळ चालला, बाराशे किलोमीटरहून जास्त किनाऱ्यावर पसरला, हजारो टन मासळी मेली आणि या पट्ट्यातले अनेक प्लांट बंद पडले. त्यात आमचा प्लांट वेगळा दिसलाच नसता. व्यवस्थापकांनाही तेवढेच पुरेसे होते. मी लॉगबुक उघडून ३:४० ची ओळ पाहिली, तिच्याखालचे साडेपाचचे पान पाहिले, आणि अहवालात दोन्ही वेळा जोडून लिहिल्या: पाणी आधीच खराब होते, परंतु क्लोरीनची मात्रा वाढवल्यानंतर दोन तासांच्या आत फिल्टर पूर्णपणे तुंबले आणि ती मात्रा मी वाढवली होती. व्यवस्थापकांनी ते वाचले, पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले आणि काहीही न खोडता सही केली.

प्लांट पाच दिवसांनी सुरू झाला, आठवड्याने पुन्हा बंद पडला आणि तो हिवाळा असाच चालू-बंद करत गेला. यथावकाश क्लोरीनच्या पंपापाशी एक छापील सूचना लागली: पाण्याचा रंग तपकिरी दिसल्यास मात्रा वाढवू नये, केमिस्टला कळवावे. साडेपाचची ती चकती मात्र लॉगबुकात नीट बसलीच नाही. ती वाळून आक्रसली, सेलोटेपखाली तिला तडे गेले आणि तिचा तपकिरी डाग मागच्या पानावर, बरोबर माझ्या अक्षरातल्या ३:४० वर उमटला.