पिवळा दिवा लागला की उठायचं

पहाटे पावणेपाच. कपाळावर चिमुकला हात आणि कानात, "आई, झाली सकाळ." बाहेर मिट्ट काळोख.

अडीच वर्षांच्या लेकीला घड्याळ काय कळणार? पण रंग कळतात. म्हणून तिच्या खोलीत टायमरवर एक मंद पिवळा दिवा लावला. तो लागला की उठायचं, तोवर अंथरुणातच लोळायचं. दुपारी याचा खेळ केला: ती झोपेचं सोंग घ्यायची, मी दिवा लावायचे, ती टुणकन उडी मारायची. पंचवीस वेळा तरी.

चूक माझीच झाली. हावरटासारखी थेट साडेसहाची वेळ लावली. पावणेदोन तास वाट बघणं मला तरी जमेल का! नुसती रडारड. मग दिवा तिच्याच वेळेला, पावणेपाचला लावला. ती जिंकली, खूश झाली. नंतर दर तीन-चार दिवसांनी दहा मिनिटं पुढे. पडदेही जाड केले. पहाटेची झोप मुळातच सावध, जराशा उजेडाने मोडते.

रात्री उशिरा झोपवायचा प्रयोग मात्र साफ फसला. उठली त्याच वेळेला, वर दिवसभर किरकिर.

सध्या सहापर्यंत पोचलोय. आज दिवा लागण्याआधीच दारात उभी, हातात बाहुली. "मी नाही, ही उठली."